अण्णांच्या रानातून डायलिसिसला

"दोन्ही किडन्या जवळजवळ थांबल्यात, ताई," बार्शीचे डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी आमच्या मालकांकडे बघितलं. ते छताच्या पंख्याकडे बघत होते. डॉक्टर पुढे म्हणाले, "दर सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस. एकही वार चुकवायचा नाही."

तोंडावर सूज यायची तेव्हा मी आरशाला सांगायचे, बाई जरा भरलीय. पायाला बोट दाबलं की खड्डा पडायचा, तर म्हणायचे शिलाई मशीनवर बसून होतंय. तुमच्या घरात अशी सूज दिसली तर माझ्यासारखा शहाणपणा करू नका. क्रिएटिनिन तपासून घ्या. किडनीनं बाहेर टाकायची घाण रक्तात किती साठलीय, ते त्यातून कळतं.

डायलिसिस म्हणजे अंगातलं रक्त नळीनं मशीनमध्ये जातं आणि धुऊन परत येतं. त्यासाठी हातात फिस्टुला करतात, म्हणजे धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात. सुया चांगल्या जाड असतात. घसा कोरडा पडला तरी पाणी मापानंच प्यायचं. हे सगळं मी पचवलं. पचला नाही तो आमचा रस्ता.

आम्ही भूमच्या बाहेर एका प्लॉटिंगमध्ये राहतो. शेत मोडून पाडलेले प्लॉट. ये-जा करायला एकच वाट, तीही ओढ्यावरच्या नळ्यांच्या पुलावरून. पुलाला कठडा नव्हता. शेजारचे एकजण मोटारसायकलसकट खाली गेले, मांडीचं हाड मोडलं, तरी आम्ही सगळे म्हणत राहिलो, होईल की. प्लॉट घेताना पाण्याचं विचारलं, लाइटचं विचारलं. दुसऱ्या वाटेचं कुणीच विचारलं नाही.

सप्टेंबरात पूर आला आणि पूल वाहून गेला. माझा गुरुवार चुकला. धडधाकट माणसं दोर धरून ओढा ओलांडत होती, मला चार पावलं टाकवत नव्हती. शनिवारी सकाळी आडवं पडता येईना. फुप्फुसांत पाणी भरलं होतं. डॉक्टर याला पल्मनरी इडिमा म्हणतात. कोरड्या घरात, खुर्चीवर बसून मी बुडत होते.

आमच्या मागच्या दारी काटेरी तार आहे. तारेपलीकडे अण्णांचं सोयाबीन, आणि त्याच्या पलीकडे बार्शीचा डांबरी रस्ता. खुर्चीतून मला त्यावरच्या एसट्या दिसत होत्या. मालकांनी भाच्याला जीप घेऊन त्या रस्त्यावर बोलावलं आणि तारेपाशी जाऊन हाका मारल्या.

"अण्णा, जीप आत येऊ द्या. हिचा जीव चाललाय."

अण्णा सत्तरीचे. त्यांनी मला बघितलं, मग रान बघितलं. "जीप न्हाय. आज जीप गेली की उद्या फटफटी जाती, परवा टेंपो. मग तहसीलदार म्हणतो, वहिवाट हाय, रस्ता सोडा. माझ्या चुलत्याचं रान असंच मधून चिरलं."

मालकांनी तारेतून हात घालून त्यांचे पाय धरले. मी मनातल्या मनात शिव्या मोजत होते, तोंडानं द्यायला दम नव्हता. अण्णा पाय सोडवून निघून गेले. संपलं, असं वाटलं.

ते बैल जुंपून परत आले. स्वतःच्या हातानं तार सोडली, गाडीत कडबा अंथरला. "म्या माझी गाडी माझ्या रानातनं नेतोय. ह्याची वहिवाट हुत न्हाय. बस, पोरी." चाकांखाली शेंगा भरलेलं सोयाबीन आडवं होत गेलं. त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

रस्त्यावरून भाच्याच्या जीपनं बार्शी गाठली. डॉक्टर रागावले. "पोटॅशियम वाढलं की हृदय थांबतं. पूल पडलाय हे त्याला कळत नाही."

तेव्हापासून सोमवार-गुरुवार मी बैलगाडीनं रस्त्यावर जाते आणि बैलगाडीनंच परत येते. पूल अजून झालेला नाही. अर्ज केले, निधी आला की बघू म्हणतात. प्लॉट विकणारा फोन उचलत नाही. घर विकून जा, असंही सांगतात शहाणे लोक. रस्ता नसलेलं घर घेतो कोण?

सगळे प्लॉटवाले मिळून अण्णांकडे गेलो. मोबदला घ्या, गाडीवाट द्या. त्यांनी माझ्याकडेच बघून सांगितलं, "तुला मरू देनार न्हाय. पन रस्ता देनार न्हाय."

या माणसाचा मला संताप येतो आणि त्यांच्या पायावर डोकंही ठेवावंसं वाटतं. तुळजाभवानीपुढे हात जोडते तेव्हा आधी त्यांच्या गुडघ्यांना बळ मागते, मग स्वतःला. तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर मीठ-पाण्याचं पथ्य पाळाच. पण पहिल्या दिवशी घराबाहेर येऊन बघा, एक वाट तुटली तर दुसरी कुठून आहे. नसेल तर अंगात ताकद आहे तोवर भांडा. नंतर फक्त विनवण्या करता येतात.

गेल्या सोमवारी अण्णांना उशीर झाला. मी तारेपाशी उभी राहून धापा टाकत होते. ते आले ते शाल गुंडाळून, डोळे लाल. त्यांना तार सोडता येईना, म्हणून मी हात लावला. त्यांचा हात तव्यासारखा तापला होता.

"अण्णा, ताप आहे तुम्हाला. तुम्हीही चला दवाखान्यात."

"आधी तू बस."

मी बसले. त्या क्षणी मला त्यांची काळजी वाटायला हवी होती. मला येणारा गुरुवार आठवला, गाडी कोण जुंपणार.