पन्नास टक्के कोशर

शुलाचा फोन आला तेव्हा मी सुपरमार्केटमध्ये दह्याचा डबा उलटा धरून उभा होतो. "अहो, या लवकर. मम्मी गेली," एवढंच ती म्हणाली. मी "आलो" म्हणालो, फोन खिशात टाकला आणि... लिहायला लाज वाटते, पण त्या डब्यावरचं उरलेलं बारीक अक्षर वाचून संपवलं. जिलेटिन होतं. डबा जागेवर ठेवला आणि दुसरा उचलला. ज्या बाईनं आदल्या दिवशी "आंब्याच्या चवीचं दही मिळतं का बघा" असं सांगितलं होतं, ती आता कुठलंच दही खाणार नव्हती, आणि तिचा जावई जर्मनीतल्या आखन गावच्या एका दुकानात आंब्याच्या दह्यात डुकराची हाडं आहेत की नाहीत याचा शोध घेत होता. शेवटच्या घटकेला मी त्यांच्या उशाशी असायला हवं होतं. मी फळीसमोर होतो. दोन महिने झाले, अजून त्या दुकानात शिरलं की कान गरम होतात.

सासूबाईंचं नाव रिबेका. रेवदंड्याचा जन्म, संसार ठाण्यात. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावानं आमच्या पूर्वजांना 'शनिवार तेली' नाव ठेवलं होतं. मी मेकॅनिकल इंजिनियर, नोकरीसाठी आखनला आलो आणि इथलाच झालो. या गावात वर्षाचे चारशे दिवस पाऊस पडतो. आता तुम्ही हसलात, आणि मनातल्या मनात चारशेचे दोनशे केलेत. सासूबाई नेमकं हेच करायच्या. लग्नाच्या मांडवात मी त्यांना सांगितलं होतं की, माझ्या आजोबांनी धरलेली सुरमई बैलगाडीतून आणावी लागली आणि तिची शेपटी मागे रस्त्यावर घासत होती. त्यांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे पिशवीत मावली ना?" तेव्हापासून त्यांनी माझं प्रत्येक वाक्य अर्धं करूनच ऐकलं. मला त्याची गंमत वाटायची, मी आणखी चेकाळून थापा मारायचो. त्याची किंमत त्यांच्या जेवणातून वसूल होईल हे कुणाला ठाऊक होतं...

शुलाला दिवस राहिले तेव्हा, २०१२ साली, सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. मुलगा मोझेस अश्दोदला, म्हणजे इस्रायलमध्ये, तोही बोलवत होता, पण लेकीचं बाळंतपण म्हणून त्यांनी आखन निवडलं. आल्या त्या पहिल्या आठवड्यात मी त्यांना मोठ्या हौसेनं सुपरमार्केट दाखवायला नेलं. त्या रांगांमधून हिंडल्या, एक पाकीट हातात घेऊन दाबून पाहिलं, नाकाशी धरलं आणि म्हणाल्या, "याला खवले कुठायत?" विनोद नव्हता तो. रेवदंड्यात कोशर, म्हणजे आमच्या धर्माला चालणारं अन्न, पारखणं हे डोळ्यांचं काम. मासा घ्यायचा तो खवले आणि पर बघून. कोंबडी आपल्या हझ्झानानं, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यानं, कापलेली. अंडं आधी पेल्यात फोडायचं, रक्ताचा ठिपका दिसला तर टाकून द्यायचं. मटणात दूध घालायचं नाही, म्हणून नारळाचं दूध. सगळं डोळ्यांसमोर. आणि इथं पाकिटावर गव्हाचं सोनेरी शेत छापलेलं, मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत जर्मन.

जर्मनीत ज्यू घर पाकीट कसं पारखतं, हे मीही तेव्हाच शिकलो, तोवर आम्ही दोघं डुक्कर टाळून बाकी देवावर सोडत होतो. रब्बींचा, म्हणजे ज्यू धर्मगुरूंचा, शिक्का असलेला माल साध्या दुकानात सापडला तर दिवाळी. त्यामुळे पाकीट उलटं करायचं. जिलेटिन दिसलं की परत. चीज असेल तर ते वासराच्या पोटातल्या विरजणानं लावलंय का, हे बघायचं. 'ई ४७१' नावाचा एक पदार्थ बिस्किटापासून ब्रेडपर्यंत सगळीकडे, आणि तो पामतेलापासून केलाय की चरबीपासून, हे पाकीट सांगत नाही. कंपनीला विचारायचं. द्राक्षाचा रस, द्राक्षाचा सिरका दिसला तरी थांबायचं, कारण द्राक्षाचे नियम वेगळे. सफरचंदाचा रस जिलेटिननं गाळून नितळ करतात आणि बाटलीवर त्याचा उल्लेखही नसतो, हे कळलं तेव्हा मी आठवडाभर पाण्याकडेसुद्धा संशयानं बघत होतो. या सगळ्यावर तोडगा म्हणून इथल्या रब्बींनी जर्मन दुकानांतल्या चालणाऱ्या वस्तूंची यादी केलेली आहे. ती माझ्या फोनमध्ये होती. शुला दूरच्या प्रयोगशाळेत नोकरीला, त्यामुळे खरेदी माझ्याकडे. मी यादी बघायचो, पाकीट वाचायचो, दोनदा वाचायचो, घरी येऊन टेबलावर ठेवायचो आणि छाती फुगवून म्हणायचो, "मम्मी, शंभर टक्के कोशर!"

त्या पन्नास ऐकायच्या. आणि पन्नास टक्के कोशर असं काही नसतंच.

"अगं, मी पण बघितलंय," शुला म्हणायची. "तू त्यांच्यावर विश्वास ठेवतेस, म्हणजे तुझंही निम्मंच," हे सासूबाईंचं उत्तर. त्या स्वतः भात, डाळ, भाकरी, अख्खा आणलेला मासा, असं सगळं डोळ्यांदेखत शिजवून खायच्या. पण आमच्या ब्रेडला, बिस्किटाला, जॅमला कधी हात लावला नाही. कुणाकडे जायचं असलं की पिशवीत दोन उकडलेली अंडी आणि केळं. सगळे केक खातायत आणि माझी सासू कोपऱ्यात अंडं सोलतेय... हे चित्र मी मित्रांना रंगवून सांगायचो. आता तेच डोळ्यांसमोरून हलत नाही.

एकदा मात्र जमत आलं होतं. एक साधं बिस्कीट यादीत होतं, मी ते आणलं, त्यांच्यासमोर यादीतलं चित्र आणि पाकीट शेजारी ठेवलं. त्यांनी अर्धं खाल्लं! मी शेजाऱ्यापाजाऱ्यांत पेढे वाटायचा बाकी राहिलो. पुढच्या वेळी मी बसनं सीमेपलीकडच्या डच गावात गेलो होतो, आमच्याकडून पाव तासावर, तिथं तेच पाकीट दिसलं म्हणून चार उचलून आणली. सासूबाईंनी जुनं रिकामं पाकीट जपून ठेवलं होतं. त्यांनी नवं त्याच्याशेजारी लावलं. जर्मन येत नव्हतं, डच येत नव्हतं, पण रांगोळीचे ठिपके जुळवावेत तसं दोन्हीकडचं बारीक अक्षर त्यांनी बोटानं जुळवून पाहिलं.

"जावईबापू, इथं जास्त लिहिलंय."

"डच लोक जास्त बोलतात, मम्मी."

"ते की तुम्ही?"

मी रब्बींना फोन केला. यादी जर्मनीत विकल्या जाणाऱ्या मालाची होती. नाव तेच, चित्र तेच, पण सीमेपलीकडचा माल दुसऱ्या कारखान्यातला असू शकतो, त्यातली चरबी दुसरी असू शकते, त्याबद्दल ते काही सांगू शकत नव्हते. "गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', असं मी जर्मनमध्ये म्हणालो, जणू मला आधीपासून माहीत होतं. सासूबाईंनी चारही पाकिटं खालच्या मजल्यावरच्या म्हातारीला दिली. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. मोझेसला मात्र फोनवर सगळं कळलं. "इथं आली असती तर प्रत्येक पाकिटावर शिक्का आहे," तो मला म्हणाला. "पोटभर खाल्लं असतं मम्मीनं. तुमच्याकडे अंडी सोलतेय." मी त्यावर एक लांबलचक गंमत सांगितली. तो हसला नाही.

गेल्या वर्षी त्यांचं दुखणं वाढलं. उभं राहून रांधणं बंद झालं, मग भात पोटात टिकेना. गावाबाहेरच्या मोठ्या हॉस्पिटलात ठेवलं. बाहेरून ते हॉस्पिटल रिफायनरीसारखं दिसतं, सगळीकडे पाईप. "तुमच्या कारखान्यात आणलंत मला," असं त्या म्हणाल्या. शुला पेज करून न्यायची, दोन चमचे जायचे. डॉक्टरांनी ताकद यावी म्हणून एक दुधट पेय सुरू करायला सांगितलं, छोटी प्लास्टिकची बाटली. त्या दुपारी शुला बालवाडीतून लेकीला आणायला गेली होती. खोलीत मीच.

"रब्बींना विचारलंत?"

"हो. म्हणाले, आजारपणात चालतं. प्यायलाच हवं."

"ते त्यांचं झालं. तुम्ही वाचलंत ना? तुम्ही काय म्हणता?"

माझं तोंड उघडलंच होतं. कंपनीच्या मालकाशी माझी ओळख आहे, त्याची पणजी मुळात चौलची, असं काहीतरी जिभेवर आलंही होतं. बाटलीवर दुधाचं प्रथिन, तेल, साखर, एक इमल्सिफायर आणि 'आरोमा', म्हणजे स्वाद, असं लिहिलेलं. कशापासून केलेला आरोमा, ते कुणीच लिहीत नाही. त्यांचे ओठ सुकले होते, डोळे माझ्यावर. त्या डोळ्यांनी आयुष्यभर मासे पारखले होते.

"मला माहीत नाही, मम्मी," मी म्हणालो. "खरंच कळत नाही यात काय आहे ते."

"काय म्हणालात?"

"माहीत नाही."

त्या हसल्या. हसताना खोकला आला, मी पाठीवर हात फिरवला. "मांडवातल्या सुरमईनंतर पहिल्यांदाच तुमचं काही अर्धं न करता ऐकलं," त्या म्हणाल्या. मग बाटली बाजूला सारली. "हे उद्या पिते, रब्बींचा हुकूम म्हणून. तुम्ही आत्ता जा, आणि तुम्हाला माहीत आहे असं काहीतरी आणा."

मी गेलो. इतका भ्यालेला मी दहावीच्या निकालालाही नव्हतो. जवळच्या दुकानात मी एक एक वस्तू उचलली आणि ठेवली, उचलली आणि ठेवली, तिथली बाई माझ्या मागे येऊन उभी राहिली. शेवटी सफरचंदाच्या गराची काचेची बरणी हाती आली. सफरचंद, साखर, व्हिटॅमिन सी. बस. यादीत बघितलं, होती. तरी रब्बींना फोन करून बरणीचं नाव वाचून दाखवलं. हॉस्पिटलचा चमचा चालणार नाही म्हणून प्लास्टिकचे चमचे, कागदी वाट्या. परत आलो तेव्हा त्या जाग्या होत्या.

"नक्की?"

"नक्की."

आणि त्यांनी वाटी संपवली. चमच्यानं तळ खरवडला आणि "गोड आहे हो" असं म्हणाल्या. शुला आली तोवर त्यांना झोप लागली होती.

ते पेय त्यांनी दुसऱ्या दिवशी घेतलं, तोंड वाकडं करून. पण ती एक दुपार ते राहिलं ते राहिलंच. त्यानं काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर इथले भले आहेत, ते तसंच म्हणणार. जन्मभर नको तिथे खोटं बोलणाऱ्या माणसानं त्या एका दुपारी खरं बोलायला हवं होतं का, यावर मी रोज माझ्याशीच भांडतो. आणि तेवढ्यानं भागत नाही. पहिल्याच वर्षी, एखाद्या फालतू पाकिटाबद्दल मी "कळत नाही हो" असं म्हटलं असतं, तर त्यांनी ब्रेडला जॅम लावून खाल्ला असता, नातीच्या वाढदिवसाचा केक खाल्ला असता...

दफन लगेच करायचं असतं, मोझेसला पोचता आलं नाही. आम्ही सुतकाला घरी बसलो होतो तेव्हा त्याचा फोन आला. शुला स्वयंपाकघरात होती. सासूबाईंचा एक कप्पा आहे तिथं, त्यांची स्टीलची पातेली, दोन तवे, अंडं फोडायचा काचेचा पेला. दुकानातली वस्तू त्यांनी त्या कप्प्यात कधी येऊ दिली नाही. हॉस्पिटलातून परत आलेली अर्धी बरणी शुलानं त्या पेल्याशेजारी ठेवली होती. मी दारात उभा होतो.

"खाल्लं," ती फोनवर म्हणाली. "वाटीभर. सफरचंदाचं... नाही रे, दुकानातलं. ह्यांनी आणलेलं."

पलीकडून मोझेसनं विचारलेलं मला दारातही ऐकू आलं, "तू स्वतः पाहिलंस?" मला त्यात भर घालायची होती. दुसरी वाटी मागितली म्हणून सांगायचं होतं, मोझेसचं नाव घेतलं म्हणून सांगायचं होतं. मी तोंड बंद ठेवलं.

"मी नव्हते तिथे," शुला म्हणाली. "ह्यांनी सांगितलं." मग थोडं ऐकून घेतलं, माझ्याकडे पाठ केली आणि कप्प्याचं दार लावत पुन्हा म्हणाली, "सांगितलं ना तुला... ह्यांनी सांगितलं."