अंजनेरीच्या वाटेवर मी मोडलेल्या खुणा

शाळेतून सुनंदानं चिठ्ठी आणली तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो होतो. स्काउट-गाईडच्या मुलांची अंजनेरीच्या डोंगरावर एक दिवसाची सहल होती, आईवडिलांनीही यावं असं लिहिलं होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सुनंदा, माझी मुलगी, अकरा वर्षांची. मी नाशिकजवळ अंबडला एका कारखान्यात फिटर. शिक्षण सातवीपर्यंत, पण भ्यायला शिक्षण लागत नाही. साप, माकडं, आग्या मोहोळ, दरी, सगळं शांताला, माझ्या बायकोला, सांगून पाहिलं.

"मग तुम्ही घरी राहा," ती म्हणाली. "आम्ही दोघी जातो."

घरी बसून काळजी करण्यापेक्षा बरोबर जाऊन केलेली बरी, म्हणून निघालो.

सीबीएस स्टँडवरून सकाळची त्र्यंबकची एसटी धरली. अंजनेरी फाट्यावर उतरून गावातून पायथ्यापर्यंत चालावं लागतं. पाणी गावातच भरून घेतलं, वरच्या तळ्याचं पाणी पिण्यासारखं नव्हतं. दिवाळी होऊन गेली होती, गवत पिवळं पडलेलं, खाली दव. शेळ्या घेऊन एक म्हातारी उभी होती.

"एवढी पोरं घेऊन कुठं चालले?"

"डोंगर बघायला."

"त्यात काय बघायचं? तो कुठं जातो, रोज इथंच हाय." मग माझ्या पायांकडे पाहून म्हणाली, "चपला काढ बाबा. गवतावर लय सटकतं."

मी काढल्या. पायाखाली साप आला तर, हे मग वरपर्यंत डोक्यात राहिलं.

स्काउटच्या सरांनी काम समजावलं. मोठी मुलं पुढे जाऊन दगडांचे बाण मांडणार, बाकीच्यांनी ते वाचत यायचं. "शेवटचा माणूस खुणा मोडेल. डोंगर होता तसा ठेवायचा, आपला कागदसुद्धा मागे राहायला नको. पगारे, तुम्ही सावकाश चालता, तुम्ही शेवटी."

काम मला आवडलं. नजर जमिनीवर ठेवायची, दरीकडे बघावं लागत नाही.

घळीतल्या पायऱ्यांच्या अलीकडे मुलं झाडाच्या सालीवर कागद ठेवून पेन्सिलीनं ठसे घेत बसली. मी त्यांच्या मागे थांबायला हवं होतं. पण तेवढ्यात त्या पायऱ्या उरकून टाकाव्यात असं वाटलं. निम्म्यावर मागे वळून पाहिलं आणि डोकं गरगरलं. कातळाला तोंड करून डोळे मिटून बसलो. मुलं हसत, ढकलाढकली करत माझ्याजवळून वर गेली. आवाज थांबल्यावर डोळे उघडले आणि सगळे गेले असं धरून चाललो.

तिथपासून एकेक बाण मोडला. दगड फेकले नाहीत, वाटेच्या कडेला ओळीनं ठेवले, कारखान्यातली सवय. वर पठारावर वाट फुटते, एक तळ्याकडे, दुसरी थेट कड्याकडे. तिथला बाण मोडला, कड्याच्या वाटेवरची 'इकडे नको' सांगणारी फुलीही मोडली.

तळ्यापाशी जेवायला बसलो तर शांता नाही, सुनंदा नाही, आणखी तीन मुली नाहीत.

"ठसे घेत मागे राहिल्या असतील," सर म्हणाले. "खुणा आहेत. येतील."

सगळे निवांत डबे उघडू लागले. खुणा नाहीत हे माझ्या एकट्याला माहीत होतं. कोणीतरी हातात भाकरी-ठेचा दिला. मी खाऊ लागलो. थांबलो तर कोणी विचारेल, काय झालं, म्हणून चावत राहिलो. डोळ्यांपुढे ती कड्याची वाट. अर्धी भाकरी संपली तेव्हा आवाज फुटला.

"सर, खुणा नाहीत. मी मोडल्या. पायऱ्यांपासून. वाट फुटते तिथल्याही."

सरांनी डब्याला झाकण लावलं, शिट्टी घेतली आणि पळाले. मी मागे अनवाणी. साप आठवला नाही.

वाट फुटते तिथे कोणी नव्हतं. सर कड्याकडे धावले. मी तिथेच थांबलो. शिट्टी वाजली, मग नुसता वारा. मी सुनंदाच्या नावानं हाका मारत सुटलो.

"गाव गोळा करताय का?" पायऱ्यांकडून शांताचा आवाज आला. "येतोय की."

पाचही जणी होत्या.

"बाबा, बाण कुठेच नव्हते," सुनंदा सांगत होती. "पण कडेला दगड होते, ओली बाजू वर. म्हणजे आत्ताच कोणीतरी उचललेले. आणि सगळे ओळीनं. आई म्हणाली, हे तुझ्या बाबांचंच काम."

"घरात चपलाही अशाच लावतात," शांता म्हणाली. मुली हसल्या. कड्याकडून परतलेले सर हसले नाहीत. "माणसं मोजल्याशिवाय खूण मोडायची नाही," एवढंच ते मला म्हणाले.

संध्याकाळी घरी शांता कोमट पाण्यात पाय सोडून बसली होती. "पायऱ्या चढून आल्यावर लांबून कड्याकडचीच वाट रुंद दिसत होती," ती म्हणाली. "तिकडेच वळणार होतो." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आम्ही नाही हे कळल्यावर सरांना लगेच सांगितलंत ना?"

"लगेच," मी म्हणालो.

मुलांना घेऊन तिकडे जाणार असाल तर जरूर जा. उन्हाच्या आधी चढा आणि सारखी माणसं मोजा. खुणा मोडल्याची गोष्ट आमच्याकडे अजून हसून सांगतात, मीही हसतो. अर्ध्या भाकरीचं कोणाला सांगितलं नव्हतं. शांता मागच्या वर्षी गेली. जाईपर्यंत ती 'लगेच' हेच खरं धरून होती.