गफूरचाचांच्या पिंजणाचा धाक

एका मांजरीनं शिस्त लावलेला माणूस आज गेला.

आमच्या बाळापूरचे गफूरचाचा. गाद्या भरायचं दुकान, आमच्या दाराला लागूनच.

कापूस पिंजायची मशीन आली तेव्हापासून त्यांचं जुनं पिंजण भिंतीवर टांगलेलं. पुरुषभर उंचीचं धनुष्यच ते, वर ताणलेली तात, म्हणजे आतड्याची दोरी.
खाली पिंजलेल्या कापसाचा ढीग. आणि ढिगात झोपलेली त्यांची मांजर, बेगम. काळीकुट्ट.

पांढऱ्या कापसात काळे केस. करा कल्पना.

दिवस वाईट होते. भाव असे पडले होते की कापूस पिकवणाऱ्यांच्याच घरी नवी गादी भरणं बंद झालेलं. कधीतरी एखादी लग्नाची ऑर्डर यायची.
तशाच एका ऑर्डरीत नवरीच्या बापाला बेगमचे केस सापडले. गादी परत आली.

चाचांचा मुलगा सलीम भडकला. पोत्यात घालतो आणि धारणीच्या जंगलात सोडून येतो म्हणाला. चाचांनी कशीबशी आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

सल्लागार अर्थातच मी. शाळामास्तर, त्यात घरी नवीन इंटरनेट. वाचलं होतं, मांजरीला मारायचं नाही, फक्त पाण्याचा स्प्रे मारायचा. एकदम माइल्ड.

चाचांनी मारला. बेगम शांतपणे बाजूला सरकली आणि कापूस भिजला.
त्याचे गोळे झाले. दिवसभर गच्चीवर वाळत घातला, तर उन्हात त्याच्यावर कोण झोपलं हे सांगायला नको.

"मास्तर, तुमी पोरं शिकवून राहिले तेच बरं हाय," चाचा म्हणाले. "मांजरीचं राहू द्या."

मग त्यांनी भिंतीवरचं पिंजण उतरवलं आणि तातीवर एक ठोका दिला. टण्ण!
बेगम उडाली ती थेट रस्त्यापलीकडे.

जमलं होतं. पण चाचांना दुपारी जेवणच गेलं नाही. मुक्या जिवाले दचकवलं, मुक्या जिवाले दचकवलं, एवढंच चाललेलं. शेवटी बशीभर दूध घेऊन ती येईपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशीही तेच. ठोका, पळापळ, पश्चात्ताप, दूध.

पाचव्या दिवशी बेगम पळालीच नाही. टण्ण ऐकून उठली, आळस दिला आणि उंबऱ्यावर जाऊन बशीची वाट पाहत बसली.

पुढे तर भूक लागली की मुद्दाम ढिगावर चढायची आणि चाचांकडे बघत राहायची.

मी विचारलं, चाचा, धाक नेमका कोणाचा कोणाला?
"ढिगावरून उतरते ना ते? मंग झालं."

खरंच झालं. सलीमचं पोतं रिकामंच राहिलं.

आता कोणी मला विचारलं, मांजरीला थोडा धाक दाखवावा का, तर मी म्हणतो, दाखवा. पण ज्याला नंतर जेवण जात नाही, त्यानंच दाखवावा.

आज माती देऊन परत आलो तर बेगम ढिगावर बसलेली. चाचांच्या खुर्चीकडे बघत.

मग सलीम उठला, तोच पोतंवाला सलीम. पिंजण उतरवलं. जन्मात कधी हाती धरलेलं नाही, ठोका फुसकाच पडला.

बेगम उतरली. उंबऱ्यावर जाऊन बसली.

सलीम दूध आणायला आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

चाचा, तुमचा धाक अजून चालू आहे.
मास्तरचा शेवटचा सलाम.