ड्रेसिंगच्या खोलीबाहेरचा बाप

रंगाऱ्याची मुलगी पाच वर्षांची. घरात तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी बसलेली कुणी पाहिलीच नव्हती. रंगारीही तसाच बोलघेवडा. शिडीवर चढून खालच्या माणसाला चार गप्पा ऐकवल्याशिवाय त्याच्या ब्रशला वेग येत नसे.

एका सकाळी उकळत्या पाण्याचं पातेलं कलंडलं आणि भिंगरीचा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत भाजला. पुढे तिला दवाखान्यातून घरी सोडलं, पण दिवसाआड ड्रेसिंगला आणायला सांगितलं. सुरुवातीला तिची आई न्यायची. ती कपड्यांच्या दुकानात काउंटरवर होती; रजा संपल्या, तसं हे काम रंगाऱ्याकडे आलं.

त्याच्या पहिल्याच दिवशी दवाखान्यातल्या मावशींनी ड्रेसिंगच्या खोलीचं दार उघडलं, भिंगरीला त्याच्या कडेवरून अलगद घेतलं आणि म्हणाल्या, "पालकांनी बाहेर थांबायचं."

दार लागलं. मग आतून जे ऐकू आलं, ते ऐकत रंगारी बाकावर बसून राहिला. आजूबाजूचे आईबाप मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसले होते, पण एकाचंही बोट हलत नव्हतं.

पुढच्या खेपेला भिंगरी रस्त्यातच गप्प झाली. तो म्हणाला, "घाबरू नकोस, मी आहे ना."

"हो, बाहेर," ती म्हणाली.

एवढंच. पण ते त्याच्या असं जिव्हारी लागलं, की त्या दिवशी शिडीवर त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. रात्री बायकोला तो म्हणाला, "ती माझ्याकडे बघतसुद्धा नाही गं. मीच तिला त्यांच्या हवाली करतोय, असं वाटतंय तिला."

बायको भांडी विसळत होती. ती पाठमोरीच म्हणाली, "खरं सांगू? ते दार लागलं ना, की मला बरं वाटायचं. बघावं लागत नव्हतं."

त्यानंतरच्या ड्रेसिंगला त्याने हात टर्पेंटाइनने घासून घासून लाल केले होते, तरी नखांच्या कडेला पिवळा रंग राहिलाच होता. मावशींनी हात पुढे केले, पण त्याने भिंगरीला सोडलं नाही. "मी आत येणार."

आतून सिस्टर आल्या. स्वभावाने वाईट नव्हत्या, दमलेल्या होत्या. "दादा, मागे एक आई चक्कर येऊन ट्रॉलीवर आपटली. एका बापाने आमच्या वॉर्डबॉयच्या कानाखाली वाजवली. आम्ही पोरांना बघायचं की तुम्हाला?"

"कुणावर हात उचलणार नाही. सिस्टर, संमतीच्या कागदावर माझी सही चालते, मग मी का नाही चालत?"

"ओ, आमचा खोळंबा होतोय!" रांगेतली एक आजी ओरडली.

गडबड ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी एकदा भिंगरीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "साबणाने हात धुवा, टोपी-मास्क घाला. आवाज केलात तर बाहेर. आणि ही तुमच्यापुरती परवानगी आहे, बाहेर बोलू नका."

आत गेल्यावर लेकीचा हात हातात घ्यायचा, कुरवाळायचं, गोष्ट सांगायची, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. सिस्टर म्हणाल्या, "पाय धरा. घट्ट." पट्टी सुटत गेली आणि जखम त्याने पहिल्यांदाच उघडी पाहिली. भिंगरी किंचाळली, "बाबा, तू पण?" आणि त्याच्या मनगटाला कडकडून चावली. त्याने पाय सोडला नाही. मास्कच्या आत त्याचं तोंड ओलं झालं होतं.

"आता कळलं?" सिस्टर म्हणाल्या.

"कळलं. परवा परत येतो."

संध्याकाळी भिंगरीने आईला सगळं रंगवून सांगितलं. बाबा रडला, सिस्टर त्याला ओरडल्या, आणि मी त्याला चावले. त्या खोलीबद्दल ती घरात पहिल्यांदाच बोलत होती. पुढच्या वेळीही ती रडली, पण रडता रडता त्याचा कान धरून ठेवला.

असं नीट चाललं असताना एक दिवस बाकावर त्याच्या शेजारी एक बाई येऊन बसली. तिच्या मांडीवर हात भाजलेलं मूल होतं. तिने हळूच विचारलं, "भाऊ, तुम्हाला आत कसं सोडतात हो?"

रंगाऱ्याला डॉक्टरीणबाईंचे शब्द आठवले. हिला सांगितलं तर आपलंही दार बंद होईल, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. तो जमिनीकडे बघत राहिला. तेवढ्यात मावशी आल्या आणि त्या बाईच्या मांडीवरून मूल उचलायला वाकल्या. मुलाने रडत आईचा दुपट्टा मुठीत धरला.

"हात धुवून या आणि मी आत येणार म्हणा," रंगारी म्हणाला. "मी तेच केलं."

बाकावरचं आणखी एक जोडपं उठलं. मग त्या दिवशी खोळंब्यावरून ओरडलेली आजीही उठली. सिस्टरांचा आवाज चढला, मोठ्या डॉक्टरांना बोलावलं गेलं, आणि निकाल लागला: कुणीच आत जायचं नाही. रंगाऱ्यानेही नाही.

त्या दिवशी भिंगरीला मावशींनी अक्षरशः ओढून नेलं. दार लागताना ती त्याच्याकडे बघत होती.

पुढे दवाखान्यात बैठक झाली म्हणे. मुलामागे एका पालकाला आत घ्यायचं ठरलं, पण ड्यूटीवरच्या डॉक्टरांची हरकत नसेल तरच. त्यामुळे कधी दार उघडं असायचं, कधी बंद. तोवर भिंगरीची बरीचशी ड्रेसिंगं बाबाशिवायच झाली होती. पाय भरत आला, कातडी मात्र सुरकुतलेली राहिली.

एकदा शाळेचे मोजे चढवताना तिने विचारलं, "त्या काकूंना तू का सांगितलंस?"

"त्यांचं बाळ रडत होतं."

"मी पण रडत होते."

रंगाऱ्याने मोजा वर ओढला, सुरकुतीवर घासणार नाही असा बेताने. तिने पाय मागे घेतला नाही, आणि दुसरा पुढेही केला नाही. तो तिथेच, गुडघ्यांवर बसून राहिला.