विरुपाक्षाची अट

लघवी तुंबून माणूस अंथरुणावर गडाबडा लोळतोय आणि घरचे शेजाऱ्याला सांगताहेत, ‘जरा पोट बिघडलंय’. असा खोटेपणा तुमच्या घरात कधी झाला नाही, हे छातीवर हात ठेवून सांगाल?

सोलापुरात, बाळीवेशीत विरुपाक्षाच्या घरी तो वर्षभर चालला. विरुपाक्ष गिरणीत साचेखात्याचा, म्हणजे मागांच्या खात्याचा, जॉबर; मुकादमच म्हणा. साच्यांच्या खडखडाटावरून त्याचा आवाज पलीकडच्या भिंतीला जाऊन आदळायचा. संपात फाटकापुढं पहिला उभा राहणारा हाच. पण सारखं लघवीला उठावं लागलं तर हाताखालची माणसं हसतील, म्हणून या बहाद्दरानं पाणीच तोडलं! सोलापूरचा वैशाख, खात्यातली वाफ, आणि हा दोन घोटांवर दिवस काढतोय. शेवटी एका दुपारी थेंब उतरेना. बायकोनं, नीलम्मानं, टांगा बोलावला आणि त्याला दवाखान्यात नेऊन टाकलं.

डॉक्टर मुकुंदरावांनी बेंबीखाली भोक पाडून मूत्राशयात रबरी नळी बसवली. कळ उतरली तसा विरुपाक्ष पोरासारखा रडला. मग डॉक्टरांनी मागच्या वाटेनं बोट घालून गाठ तपासली आणि नवराबायकोला समोर बसवून सरळ सांगितलं.

“मूत्राशयाच्या तोंडाशी ग्रंथी असते. उतारवयात ती वाढते. तुमची नुसती वाढलेली नाही, एका अंगाला दगडासारखी लागते. कर्करोग असू शकेल.”

“मंग कापा की.”

“आधी ऐका. हाडांत उतरला असता तर मी सुरीचं नावच काढलं नसतं. तुमची पाठ दुखत नाही, गाठ जागच्या जागी हलते, म्हणून काढता येईल. पण आधी दोन महिने नळीवर राहायचं, मूत्रपिंडं सावरली की मग. रक्त फार जातं. माणूस दगावतोही. काढली तरी पुन्हा उगवणार नाही, अशी हमी देत नाही. नको असेल तर जन्मभर नळी ठेवा, पण गाठ आत पसरत राहील.”

विरुपाक्षाचा तो आवाज खाली आला. “आन्... पुरुषपन?”

“त्याचीही खात्री नाही.”

“नातवंडं झाली की तीन!” नीलम्मा कडाडली. “आता कुनाला दाखवायचंय? जीव ऱ्हाऊ द्या!”

दोन महिने तो धोतराआड बाटली बांधून हिंडला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तो दाखल झाला, तर नर्सबाई म्हणाल्या, “गळ्यातलं काढून द्या. आत काही चालत नाही.”

गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग होतं. लिंगायताच्या अंगावर ते जन्मापासून, आणि मातीत जाताना बरोबर. “ते उतरलं म्हंजी मी मेलोच की,” विरुपाक्ष म्हणाला. “मेलेल्याला कापून काय करता?” बाटली सावरत तो घरी चालता झाला.

भाऊबंद ईरप्पानं पाठ थोपटली. “शाब्बास! धर्म राखलास.” ईरप्पाचं काय जात होतं? गाठ विरुपाक्षाच्या पोटात होती.

दुसऱ्या दिवशी विरुपाक्ष पूजेला बसला. रोजच्यासारखं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं, नजर लावली. चुलीपुढून नीलम्मा बघत होती. एकदम ओरडली, “अवं! डॉक्टर सुई कमरंत टोचनार म्हनले न्हवं? मंग बधिर हुनार ते कमरंखाली. हात जागाच की! असंच तळहातावर घिऊन निजा!”

“पूजेत मधी बोलू न्हाय, येवढं कळत न्हाय व्हय?” त्यानं पूजा पुरी केली, पैरण चढवली आणि थेट दवाखाना गाठला.

डॉक्टर आधी “छे!” म्हणाले. विरुपाक्ष दारातच ठाण मांडून बसला.

“हा काय संप आहे?”

“व्हय. अट माना, न्हायतर हितनं हलत न्हाय.”

डॉक्टरांना हसू फुटलं. “डबी आणि दोरा बाहेर. मूठ उकळलेल्या फडक्यात बांधीन. पण काही झालं तरी हात हलता कामा नये.”

“मेलो तरी न्हाय हलायचा.”

हललाही नाही. कमरेखाली त्याला फक्त ओढ कळत होती. रक्त थांबेना तेव्हा डॉक्टरांच्या कपाळावरून घाम गळायला लागला, नर्सबाई बोळ्यावर बोळे देत होत्या आणि हा पडल्या पडल्या विचारतोय, “दमला का डॉक्टरसाब?” शेवटी गाठ टोपल्यात पडली. डाव्या हाताची मूठ तशीच घट्ट.

पुढं जखम मिटत आली, पोटातली नळी निघाली आणि एका सकाळी मोरीतून साचेखात्यातला तो आवाज उठला, “नीलम्मा! धार आली गं, धार!” सगळा वॉर्ड हसला. नीलम्मा पदरात तोंड लपवून हसत होती आणि रडतही होती.

गाठ तपासायला मुंबईला पाठवली होती, तिचा अहवाल आला. गाठीत कर्करोगाचा खडा निघाला होता, पण कडेला पोचला नव्हता. डॉक्टर म्हणाले, दर सहा महिन्यांनी दाखवायचं. विरुपाक्ष दाखवतो. चौथं वर्ष चाललंय, आणि तो पुन्हा साच्यांवर ओरडतोय.

आता रविवारी तो भ्यालेल्या माणसांना स्वतः दवाखान्यात घेऊन जातो. कुणाला सोवळ्याची अडचण, कुणाला जानव्याची, कुणाला नुसती लाज. तो आधी अडचण ऐकतो, मग डॉक्टरशी भांडतो. तुमच्या घरीही असा कुणी दात आवळून पडला असेल, तर शेजाऱ्याला थापा मारू नका. त्याला टांग्यात घाला आणि बाळीवेशीत विरुपाक्षाच्या दारात आणून उभा करा.