कॅरियरच्या स्क्रूचं भोक

आज पेडण्याच्या गॅरेजमध्ये पिकअपच्या काचेला सिलिकॉन लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास आला आणि बाबी आठवला.

माझ्या जुन्या पिकअपमध्ये पावसात पायाशी पाणी साचायचं. "काच उघडी टाकतोस," म्हणून मी ड्रायव्हर बाबीला चारचौघांत झापलं होतं. शेवटी गळती शोधायला तो टॉर्च घेऊन आत बसला आणि मी टपावर बादल्या ओतल्या.

"पात्रांव, हयसून येता! कॅरियरच्या स्क्रूतून!" तो आतून ओरडला. मालक म्हणून तो मला पात्रांव म्हणायचा.

टपावर सामानाचं कॅरियर बसवताना ते भोक मीच पाडलं होतं. मी त्यात सिलिकॉन भरलं.

"म्हणजे काच न्हय मा?" त्याने हसत विचारलं. 'माझं चुकलं' एवढंही मला म्हणवलं नाही. मी बादली उचलून निघून गेलो.

नोकरी सोडेपर्यंत बाबी उतरताना काच दोनदा तपासायचा. मी समोर असलो तर तिसऱ्यांदाही.