उंबऱ्यावरचा घाट

आमच्या शिवाजी पेठेतल्या तालमीत हल्ली कुस्ती कमी आणि गुडघ्यांची चर्चा जास्त. तरी रविवारी आम्ही पाच सुटलेल्या पोटांचे पैलवान खोरी-घमेली घेऊन खेड्यात जातो आणि ज्यांना झेपत नाही त्यांची घरं फुकट दुरुस्त करून देतो. सिमेंट कमी पडतं, सल्ले कधीच नाहीत.

शाहूवाडीकडच्या एका वाडीत अपघातानं पाय गेलेली एक बाई होती. चाकाची खुर्ची येऊन वर्ष झालेलं, पण दाराचा उंबरा वीतभर उंच. तिला एवढंच हवं होतं, आपल्या म्हशीचं दूध आपणच डेअरीत घालावं.

उंबरा कापायचा, बाहेर उतार करायचा, काम संपलं. मी छिन्नी लावली मात्र, तिची सासू हळदीकुंकू घेऊन आली आणि छिन्नीसमोरच उंबऱ्याची पूजा करायला बसली. वर म्हणाली, "पावणं, लक्ष्मी हाय ती. कापून तुमी जाशिला, हितं ऱ्हायाचं आमाला हाय."

मग आमच्यातल्या गवंड्याला साक्षात्कार झाला. उंबरा तसाच ठेवायचा, बाहेरून चढण, आतून उतरण! पूजेसाठी मध्ये फट, फटीवर उचलायची फळी. हे वेडेपण आहे असं कुणीही म्हणालं नाही. आमच्या तालमीत आधी माघार घेतो त्याचं वर्षभर हसं होतं. आतल्या उतरणीनं दाराआतला अर्धा सोपा खाल्ला. सासऱ्यांची खाट अंगणात गेली, त्यांच्यासकट. ते खूश दिसले.

पुढच्या रविवारी चाचणीला खुर्चीत मी बसलो. घाटमाथा ओलांडला आणि जो सुटलो, तो थेट चुलीपुढं. सासू भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "एवढी भूक लागलीया व्हय?"

उतरण आणखी चार हात लांबवली, भिंतीला धरायला पाइप ठोकला.

तिसऱ्या रविवारी ती बाई मांडीवर किटली घेऊन निघाली. आम्ही मागे धावलो तर म्हणाली, "कुणी येऊ नगा. जाती मी."

डेअरी सहा घरांवर. तास झाला तरी ती येईना. सासूनं मला पिटाळलं. दूध केव्हाच घालून झालं होतं. ती एका अंगणात खुर्ची आडवी लावून, वर्षभर भेटायला न आलेल्या शेजारणीला झाडत होती. अजून चार घरं बाकी असल्याचं तिनं मला सांगितलं.

मी येऊन ते कळवलं. सासूनं क्षणभर दाराकडं पाहिलं आणि आमची ताटं मांडली.

"बसा जेवायला. ती काय आता लवकर यायची न्हाय."